ओहोटीला खडकावरचं ओंकिडियम कसं बघायचं: तिथी काढण्यापासून नोंद टाकेपर्यंत

मुंबई-कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला उतरलात की एक प्राणी हमखास तुमच्या आजूबाजूला असतो आणि दहातल्या नऊ जणांना तो दिसतच नाही. चपटा, लंबगोल, बोटाच्या दोन पेरांएवढा, पाठ सगळी पुटकुळ्यांनी भरलेली, रंग खडकाचाच, म्हणजे मातकट, शेवाळी, मधेच करडा. लिंपेट नावाचा शंखवाला प्राणी जसा दगडाला चिकटून असतो तसाच चिकटलेला, पण लिंपेटच्या पाठीवर टोपीसारखा शंख असतो आणि याच्या पाठीवर काहीच नाही, नुसती जाड चामडी. झूलॉजी शिकलेले लोक याला ओंकिडियम म्हणतात, किनाऱ्यावर फिरणारेही तेच म्हणतात, नवीन पुस्तकी नाव पेरोनिया आहे. ही गोगलगायच, पण शंख नसलेली, आणि गंमत म्हणजे समुद्राच्या काठावर राहून फुप्फुसाने हवेतला श्वास घेणारी. भरतीला फटीत लपून बसते आणि पाणी उतरलं की बाहेर येते.

या शेवटच्या वाक्यातच सगळं गाइड आहे खरं तर. बाकीचे समुद्री जीव आपण ओहोटीला बघतो कारण ते पाणी गेल्यामुळे अडकलेले असतात, डबक्यात नाहीतर दगडाखाली. ओंकिडियम अडकलेलं नसतं, ओहोटी हाच त्याचा कामाचा वेळ असतो. त्यामुळे दगड उलटे करत, फटीत काठ्या घालत फिरलात तर तो बिचारा आत आकसून बसलेला मांसाचा गोळा दिसेल आणि बाकी काहीच कळणार नाही. योग्य वेळी योग्य दगडाजवळ जाऊन गप्प बसलात तर तो स्वतः बाहेर येतो, चरतो, दुसऱ्याच्या वाटेला आडवा जातो आणि परत आपल्या फटीत शिरतो, हे सगळं एका बैठकीत बघायला मिळतं. म्हणून पुढचं सगळं मी शोधायचं कसं यापेक्षा बसायचं कधी आणि कुठे या हिशोबाने लिहितोय.

आधी तिथी बघा, मग रविवार

बहुतेक लोक उलटं करतात, रविवार ठरवतात आणि मग किनाऱ्यावर जाऊन बघतात तर पाणी भरलेलं. भरती-ओहोटीचं टेबल मोबाइलवर कुठेही मिळतं, ते बघाच, पण त्याआधी घरातल्या कॅलेंडरवर तिथी बघून अंदाज काढता आला पाहिजे, म्हणजे महिनाभर आधीच कुठल्या दोन-चार दिवशी जायचं ते ठरवता येतं. मुंबईसाठी जुना हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. तृतीया असेल तर तीन गुणिले पाऊण म्हणजे सव्वादोन, दुपारी आणि रात्री सव्वादोनच्या आसपास पूर्ण भरती, आणि त्याच्या साधारण सहा तास आधी किंवा नंतर पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी आठ-साडेआठ. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच, फक्त पौर्णिमा आणि अमावस्या दोन्ही पंधरा धरायच्या. वीस-तीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण प्लॅनिंगला पुरतं.

आता यातून आपल्या कामाचे दिवस कसे निघतात बघा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तेवढंच खाली जातं, आणि प्रत्यक्षात सगळ्यात मोठं उधाण पौर्णिमा-अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही, तेव्हा खडकाचा फार थोडा भाग उघडा पडतो. म्हणजे सकाळी जायचं असेल तर प्रतिपदा ते चतुर्थी, तेव्हा ओहोटी साधारण सात ते सव्वानऊच्या दरम्यान येते. संध्याकाळी जायचं असेल तर त्रयोदशी, चतुर्दशी, पौर्णिमा किंवा अमावस्या, तेव्हा ओहोटी चार ते साडेपाच. माझं मत विचाराल तर सकाळची घ्या. दगड रात्रभर गार पडलेला असतो, ऊन तिरपं असतं, ओंकिडियमला ओल आणि गारवा आवडतो, त्यामुळे ती जास्त वेळ बाहेर राहतात, आणि तुमच्याही डोक्यावर ऊन येत नाही. भर दुपारी तापलेल्या कातळावर गेलात तर फटीच्या तोंडाशी एखादं दिसेल फार तर.

तिथीचा हा हिशोब मुंबईचा आहे हे लक्षात ठेवा. दक्षिणेकडे रत्नागिरी, मालवण, गोवा करत जावं तशी भरती आधी येते आणि पाण्याची चढउतारही कमी होत जाते. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटरपर्यंत चढउतार करतं, गोव्यात ते जेमतेम दोन मीटर. म्हणून कोकणात गेलात तर त्या गावाच्या जवळच्या बंदराचं टेबल बघायचं, मुंबईचं लावायचं नाही.

टेबलात ओहोटीची उंची मीटरमध्ये दिलेली असते. मुंबईत प्रवाळ, समुद्रफुलं, समुद्री ससे वगैरे बघायचे तर ०.७ मीटर किंवा त्याच्याही खालची ओहोटी लागते. ओंकिडियमचं तसं नाही, ते खडकाच्या मधल्या आणि जरा वरच्या पट्ट्यात राहतं, त्यामुळे एक-सव्वा मीटरची ओहोटीसुद्धा चालून जाते. हा त्याचा मोठा फायदा, नोकरी करणाऱ्या माणसाला महिन्यात जास्त दिवस मिळतात.

जून ते सप्टेंबर जाऊ नका. पाऊस, लाटा, शेवाळ, सगळंच धोक्याचं, आणि खडकावरून गोडं पाणी वाहत असताना प्राणीही आतच बसतात. नारळी पौर्णिमा झाली म्हणजे समुद्र शांत झाला असं नाही, ऑक्टोबर लागू दे, दगडावरचा चिखल धुऊन जाऊ दे, मग मे पर्यंत भरपूर दिवस आहेत.

कुठे जायचं

खडक पाहिजे, फटी असलेला पाहिजे आणि लाटांचा थेट मार नसलेला पाहिजे. मुंबईत गिरगाव चौपाटीच्या बाजूचे खडक, हाजी अली, वांद्र्याचं बँडस्टँड आणि कार्टर रोड ही सगळ्यांना पोचता येण्यासारखी ठिकाणं. हाजी अली-वरळीच्या पट्ट्यात कोस्टल रोडमुळे किनारा बराच बदललाय, पूर्वीच्या वाटा तशाच असतील असं धरून जाऊ नका, आधी एकदा दिवसा जाऊन कुठून उतरता येतं ते बघून या. रायगडमध्ये अलिबागला कुलाबा किल्ल्याच्या भोवतीचे खडक, पुढे कोर्लई, मुरूड. रत्नागिरीत हर्णै, वेळणेश्वर, आरे-वारे. सिंधुदुर्गात कुणकेश्वर, मालवण. वर बेसॉल्टचा काळा कातळ आहे आणि खाली दक्षिणेकडे जांभा लागतो, जांभ्याला भोकंच भोकं असतात त्यामुळे लपायला जागा खूप, पण शोधायला जास्त डोळे लावावे लागतात.

खडकावर पोचलात की आधी वरून खाली असा पट्टा वाचायला शिका, कारण ओंकिडियम कुठल्या पट्ट्यात आहे हे शेजाऱ्यांवरून कळतं. सगळ्यात वर, जिथे फक्त शिंतोडे पोचतात तिथे बारीक बारीक गोगलगायी, खडीच्या चुऱ्याएवढ्या. त्याच्या खाली बार्नॅकलचा, म्हणजे दगडाला कायमच्या चिकटलेल्या बारीक कवचवाल्या जीवांचा पांढुरका खरबरीत थर. मग कालवं चिकटलेला पट्टा, लिंपेट, मधेमधे हिरव्या शेवाळाची पातळ साय. कालवं आणि शेवाळ जिथे एकमेकांत मिसळतात, दगडाला आडव्या फटी आहेत आणि हात लावला तर ओल लागते, तिथे थांबा. त्याच्याही खाली जिथे समुद्रफुलांचे आणि त्यांच्याच नात्यातल्या झोअँथिडचे गालिचे सुरू होतात तिथे जायची आपल्याला गरजच नाही.

खारफुटीच्या चिखलातही असेच दिसणारे प्राणी असतात, ते याच कुळातले पण वेगळ्या जातींचे, त्यांची गोष्ट वेगळी.

सोबत काय न्यायचं

फार काही नाही. मागे पट्टा असलेल्या, तळ न घसरणाऱ्या जुन्या चपला किंवा बूट, स्लिपर अजिबात नको, कालवाची धार पायाला लागली की जखम खोल जाते आणि लवकर भरत नाही. पूर्ण पॅन्ट, टोपी, पाण्याची बाटली. बसायला एखादं जाड पोतं किंवा जुनी योगा मॅट, ही फार महत्त्वाची, कारण अर्धा-पाऊण तास एका जागी बसायचंय आणि बार्नॅकलवर बसवत नाही. पंधरा सेंटिमीटरची प्लॅस्टिकची पट्टी, पेन्सिल आणि वही. मोबाइल, गळ्यात अडकवलेला. हँडलेन्स असेल तर सोन्याहून पिवळं, दहापटीचा साधा भिंग पुरतो. डेटॉल आणि बँडेज.

एकटे जाऊ नका. आणि मोबाइलवर ओहोटीच्या वेळेनंतर एक तासाचा अलार्म लावूनच खडकावर उतरा, तो वाजला की उठायचं, समोर काहीही चाललेलं असो.

किती वाजता पोचायचं

टेबलात ओहोटी आठची असेल तर सहालाच खडकावर पाहिजे, म्हणजे दीड-दोन तास आधी. पाणी तुमच्या पट्ट्यावरून नुकतंच उतरत असतं, दगड चकचकीत ओला असतो आणि फटी अजून गळत असतात. याच वेळी जागा पकडून बसायचं. आठला पोचलात तर प्राणी आधीच पसरलेले असतात, ते दिसतील पण कोण कुठून आलं हे कळणार नाही.

किनाऱ्यावर कालवं फोडायला, शिंपल्या वेचायला बायका येतात, त्यांना त्या खडकाची इंच अन् इंच माहिती असते. त्यांच्या कामात न येता, वाकून, नीट विचारा, "मावशी, पाणी भरायला लागलं की आधी कुठली वाट जाते?" हा प्रश्न सगळ्यात उपयोगाचा. पाणी समोरून येतं असं आपल्याला वाटतं पण बऱ्याच ठिकाणी ते मागच्या खोलगट भागातून आधी भरतं आणि आपण बसलेला खडक बेट होऊन जातो. कुलाबा किल्ल्यासारख्या जागी तर ओहोटीला चालत जाता येतं आणि भरतीला वाटच उरत नाही. मावशी "चला आता" म्हणाल्या की निघायचं, टेबल काय म्हणतंय ते बघत बसायचं नाही.

ओळखायचं कसं

आता बसलात. समोर साधारण एक चटईभर खडक आहे, त्यात दोन-तीन फटी आहेत. पहिली दहा मिनिटं काहीच दिसणार नाही, हे धरूनच चाला. डोळे फटीच्या कडेवर ठेवा, मधल्या सपाट भागावर नको. दगडाचा एखादा कंगोरा मगाशी होता त्यापेक्षा जरा पुढे आलाय असं वाटलं की तेच.

जवळून बघताना पुढच्या बाजूला, पाठीच्या झालरीखालून दोन आखूड शिंगं बाहेर येतात, त्यांच्या टोकावर काळे ठिपके, ते डोळे. चालताना झालरीची कड हलके हलके वरखाली होते. पाठीवरच्या पुटकुळ्या वेगवेगळ्या आकाराच्या असतात आणि भिंगातून बघितलं तर काही मोठ्या पुटकुळ्यांच्या टोकावर बारीक काळे ठिपके दिसतात, एकाच पुटकुळीवर दोन-तीनसुद्धा. हेही डोळेच आहेत, पाठीवरचे डोळे! कार्ल सेम्पर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८७७ मध्ये यांच्यावर लिहिलं, आणि लोकांना आश्चर्य याचं वाटलं की या डोळ्यांच्या पडद्याची रचना इतर गोगलगायींसारखी नाही, आपल्या डोळ्यासारखी उलटी आहे, म्हणजे प्रकाश आधी मज्जातंतूंच्या थरातून जातो आणि मग प्रकाश ओळखणाऱ्या पेशींपर्यंत पोचतो. शिंगावरच्या डोळ्यांत मात्र ही रचना नेहमीसारखी सुलटी असते. एकाच प्राण्यात दोन्ही तऱ्हेचे डोळे, आणि तो आपल्या गिरगावच्या दगडावर शेवाळ चाटत बसलेला असतो, मला हे दरवेळी नव्याने भारी वाटतं.

मागच्या टोकाला बघा. पेरोनियाच्या पाठीच्या मागच्या भागात झुडपासारखे फाटे फुटलेले छोटे कल्ले असतात, दगड ओला असताना ते फुललेले दिसतात, सुकत आलं की मिटतात. हे कल्ले दिसले तर पेरोनिया पक्कं, या कुळातल्या बाकीच्यांना ते नसतात. कडेखाली अगदी मागे श्वास घ्यायचं छिद्र असतं पण ते बघायला प्राणी उचलावा लागतो, तर ते राहू दे. काचेसारख्या ओल्या दगडावरून तो उभ्या भिंतीवर चढला तर बाजूने खालचा फिकट पाय दिसतो, तेवढं पुरे.

गल्लत कुणाशी होते? सगळ्यात जास्त मिटलेल्या समुद्रफुलाशी, कारण त्याच्या अंगालाही वाळूचे कण आणि शिंपल्यांचे तुकडे चिकटलेले असतात, पण ते गोल असतं आणि जागचं हलत नाही. मग काइटन नावाच्या चपट्या कवचवाल्या प्राण्याशी, पण काइटनच्या पाठीवर आठ आडव्या पट्ट्या ओळीने दिसतात. लिंपेटशीही होते, पण पाठीवर शंख आहे की नाही हे नखाने हळूच टक् करून कळतं, सेलाना नावाचा लिंपेट इथे भरपूर आहे, वर रेघा असलेली चपटी टोपी. न्यूडिब्रँक म्हणजे शंख नसलेल्या रंगीबेरंगी समुद्री गोगलगायी पाण्यात असतात, उघड्या दगडावर पाण्याबाहेर निवांत फिरणारी शंख नसलेली गोगलगाय दिसली तर ती ओंकिडियमच असं समजायला हरकत नाही.

एक विनंती, नाव देताना पेरोनिया इथपर्यंतच थांबा. पूर्वी सगळ्यांना सरसकट ओंकिडियम व्हेरुक्युलेटम म्हणायचे, पण २०२० मध्ये बेन्वा डेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेरोनिया या वंशाचा डीएनए आणि आतल्या अवयवांवरून नव्याने अभ्यास केला आणि बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या बऱ्याच जाती वेगळ्या निघाल्या. फोटोवरून जात ठरत नाही.

आता बघायचं काय

हा या लेखाचा मुख्य भाग आहे, घाई करू नका.

एक प्राणी निवडा. सगळ्यांकडे बघायला गेलात तर कुणाचंच नीट बघून होणार नाही. वहीत समोरच्या खडकाचं साधं चित्र काढा, फटी, एखादं मोठं कालव, पांढरा डाग, अशा खुणा टाका, आणि प्राणी जिथून बाहेर आला तिथे फुली मारा. मग दर पाच मिनिटांनी तो कुठे आहे तिथे ठिपका आणि शेजारी वेळ. मोबाइल एका दगडावर टेकवून एकाच जागेवरून दर पाच मिनिटांनी फोटो काढलात तरी चालतं, फक्त अँगल बदलू देऊ नका. प्राण्याच्या अंगावर रंग, नेलपेंट, खडू असलं काही लावायचं नाही, त्याची कातडी श्वास घेते. ओळखायला पाठीवरचे डाग पुरतात, एखाद्याच्या पाठीवर फिकट पट्टा असतो, एखाद्याची कड एका जागी चिरलेली असते.

बाहेर आल्यावर तो लगेच चरायला लागतो. तोंड दगडाला लावून डोकं डावीउजवीकडे फिरवत पुढे सरकतो, जिभेवरच्या दातांच्या पट्टीने शेवाळाची आणि सूक्ष्म जीवांची साय खरवडून खातो, आणि त्याबरोबर गाळ, वाळूही गिळतो. म्हणून थोड्या वेळाने मागून गाळाची लांबच लांब बारीक दोरी बाहेर पडायला लागते. ही दोरी म्हणजे माग काढायचं सगळ्यात सोपं साधन, दगडावर ताजी ओली वळकटी दिसली की प्राणी वीतभर अंतरावर कुठेतरी आहे.

मग सावलीचा प्रयोग करा. सूर्य तुमच्या समोर असेल असे बसा, म्हणजे तुमची सावली त्याच्यावर पडणार नाही. तो शांतपणे चरत असताना हात एकदाच त्याच्यावरून असा न्या की फक्त सावली पडेल, स्पर्श नाही, धक्का नाही, वारा नाही. बरेचदा तो थबकतो, पुटकुळ्या आत ओढतो, शिंगं मिटतो. काही वेळा काहीच करत नाही, तेही लिहून ठेवा. एकाच प्राण्यावर परत परत करू नका, सवय झाल्यावर तो प्रतिसाद देणं बंद करतो आणि उगाच त्याचा चरायचा वेळ जातो.

दोघं भेटले तर अजिबात हलू नका. ही उभयलिंगी जनावरं आहेत, नराचं छिद्र पुढे उजव्या शिंगाजवळ आणि मादीचं मागच्या टोकाला, त्यामुळे जोडी जमते तेव्हा एकाचं डोकं दुसऱ्याच्या शेपटाकडे असतं. अंडी चिकट, पारदर्शक गुंडाळीत घालतात, दगडाच्या ओल्या सावलीच्या बाजूला. त्या अंड्यातल्या पिल्लाला मात्र इवलासा शंख असतो, जो नंतर जातो. आपल्याकडे याचं मूलभूत काम झालेलं आहे, आवटी आणि करंदीकर यांनी मुंबईच्या किनाऱ्यावरच्या ओंकिडियमची शरीररचना, अंड्यातली वाढ आणि राहणीमान यावर केलेला अभ्यास मुंबई विद्यापीठाने १९४८ मध्ये प्रसिद्ध केला होता. आपल्या घराजवळच्या दगडावरच्या प्राण्यावर आपल्याच माणसांनी पंचाहत्तर वर्षांपूर्वी इतकं बारकाईने काम केलंय, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आणि आता ज्यासाठी एवढा वेळ बसायचं ते, परत जाणं. पाणी अजून लांब असतं, लाटेचा शिंतोडाही आलेला नसतो, आणि प्राणी वळायला लागतात. चरताना वेडावाकडा फिरत आलेला तो आता बऱ्यापैकी ठामपणे एका दिशेने जातो, बरेचदा आपल्याच किंवा दुसऱ्याच्या चिकट मागावरून. १९१८ मध्ये बर्म्युडा बेटावर लेस्ली ॲरे आणि विल्यम क्रोझिअर यांनी याच कुळातल्या एका छोट्या जातीवर नोंदी केल्या, एकेका फटीत बरेच जण एकत्र राहतात, ओहोटीला बाहेर पडून दुसऱ्या फटीतल्यांमध्ये मिसळतात आणि तरी पाणी यायच्या आधी ज्याचा तो आपल्याच फटीत परततो. तुमच्या वहीतल्या ठिपक्यांची रेघ फुलीवर येऊन मिळते का, हे बघायचं. मिळाली तर वेळ लिहा, नाही मिळाली तर तो कुठल्या फटीत शिरला ते लिहा. पुढच्या उधाणाला त्याच जागी बसा. एकाच चटईभर खडकावर हिवाळाभर दर पंधरवड्याला बसणाऱ्याला जे कळतं ते दहा किनारे पालथे घालणाऱ्याला कळत नाही, हे मी अगदी खात्रीने सांगतो.

काय करायचं नाही

प्राणी दगडावरून ओढून काढायचा नाही, पाय फाटतो. घरी न्यायचा नाही, बाटलीत तर नाहीच. दगड उलटवलाच तर हळू, आणि होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा, खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात दोन तासांत संपतात. प्रवाळावर पाय देऊ नका, मुंबईत प्रवाळ आहेत आणि त्यांना वन्यजीव कायद्याचं पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. झोअँथिडच्या बटणासारख्या गालिच्याला हात लावू नका, त्यातल्या काहींमध्ये फार जहाल विष असतं, आणि तो हात डोळ्याला लागला की पंचाईत. शंकूसारखा गुळगुळीत नक्षीदार शंख जिवंत दिसला तर उचलायचा नाही, कोन शंख डंख मारतो. डबक्यात जिथे तळ दिसत नाही तिथे पाय टाकायचा नाही.

समुद्राकडे पाठ करून फोटो काढत उभं राहू नका. बँडस्टँडला यात जीव गेलेत. काही झालंच तर ११२ किंवा ॲम्ब्युलन्ससाठी १०८.

लहान मुलांना न्यायला काहीच हरकत नाही, उलट न्याच, त्यांची नजर आपल्यापेक्षा तेज असते. फक्त एका मोठ्या माणसामागे दोनच मुलं, आणि त्यांना आधीच सांगा की हात लावायचा नाही, एकच प्राणी आपला म्हणून निवडायचा आणि त्याचं नाव ठेवायचं. मग ती जागची हलत नाहीत.

सिडनी, ऑकलंडवाल्यांसाठी

तिकडे राहणाऱ्या मंडळींकडे याहून मोठी मजा आहे, कारण गोगलगायीचं रूप घेतलेला लिंपेट तिथे मिळतो. स्क्यूटस त्याचं नाव, ऑस्ट्रेलियात त्याला हत्ती गोगलगाय म्हणतात आणि न्यूझीलंडमधल्या जातीला माओरी लोक रोरी म्हणतात. कुळकुळीत काळा, मांसल, मोठा असेल तर वीतभराच्या जवळ जाणारा, पाठीवर कातडीच्या दोन घड्या मधे येऊन मिळालेल्या, आणि त्या घड्यांच्या आत ढालीसारखा चपटा पांढरा शंख. म्हणजे आपल्या ओंकिडियमचा शंख गेलाय आणि याने तो कातडीत झाकून घेतलाय. दोघांचं जवळचं नातं काही नाही, हा लिंपेट कल्ल्याने श्वास घेतो आणि त्यामुळे त्याची पद्धत बरोबर उलटी, दिवसा ओहोटीला तो सगळ्यात खालच्या पट्ट्यात दगडाखाली नाहीतर कपारीत ओलाव्याला दडून बसतो आणि रात्री शेवाळ खायला निघतो. तो बघायला खोल ओहोटी आणि टॉर्च लागतो. सिडनीत बरेच खडकाळ किनारे संरक्षित आहेत, तिथून काहीही उचलायला बंदी आहे, आणि डबक्यात हात घालायचा नाही, निळ्या कड्यांचा छोटा ऑक्टोपस तिथे असतो, त्याच्या विषावर उतारा नाही.

नोंद कशी टाकायची

घरी येऊन पाय गोड्या पाण्याने धुवा, खरचटलं असेल तर लगेच डेटॉल. मग त्याच दिवशी नोंद टाका, उद्यावर ढकललं की राहून जातं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर अकाउंट फुकट उघडता येतं. मुंबईत २०१७ पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई हा नागरिकांचा उपक्रम चालतो, ते लोकांना घेऊन किनाऱ्यावर फेऱ्या काढतात, पहिल्यांदा जाणाऱ्याने त्यांच्यासोबत एकदा जावं, भीती मोडते आणि डोळा तयार होतो.

फोटो तीन पाहिजेत: एक वरून, शेजारी पट्टी ठेवून, एक तिरपा, मागच्या कल्ल्यांचा, आणि एक लांबून, ज्यात खडकाचा पट्टा आणि फट दिसेल. जास्त झूम केलेला एकच फोटो टाकतात लोक आणि मग काहीच ठरवता येत नाही. ठिकाण अचूक टाका, वेळ टाका, त्या दिवशीच्या ओहोटीची वेळ आणि उंची टाका. खाली टिपणात चार गोष्टी लिहा: फटीतून कधी बाहेर आला, काय करत होता, दगड ओला होता की सुकलेला, आणि परत त्याच फटीत गेला की दुसऱ्या. वहीतल्या चित्राचा फोटोही जोडा. एखाद्या दिवशी दोन तास बसून एकही ओंकिडियम बाहेर आलं नाही तर तेही वहीत तारीख-तिथीसकट लिहा, ऊन होतं, वारा होता, ओहोटी किती मीटरची होती सगळं, हिवाळ्याच्या शेवटी कुठल्या दिवशी ती बाहेर येत नाहीत हे त्याच पानांवरून कळतं.